सर्व्हरची रोजकीर्द

लक्ष्मीपूजनाला व्यापारी वही पुजतो. त्या वहीतली रोजकीर्द म्हणजे जे घडलं ते त्याच दिवशी, त्याच क्रमाने लिहिणं. सर्व्हरवरच्या प्रोग्रामचीही अशीच रोजकीर्द असते. तिला लॉग म्हणतात. तुमच्या घरात कोणी आयटीत असेल, तर हा शब्द तुमच्या कानावरून गेला असेलच.

तिचं मोल या देशाला २०११ साली कळलं. बेव्हरवाइकची डिजिनोटार कंपनी वेबसाइटच्या खरेपणाचे डिजिटल दाखले देत असे. आपण रोज वापरतो ते डिजिडीसुद्धा तिच्याच दाखल्यावर चाले. हल्लेखोराने आत शिरून ५३१ खोटे दाखले काढले. फॉक्स-आयटीने तपास केला, तेव्हा दिसलं की नेटवर्कच्या नोंदी सुरक्षित, मध्यवर्ती जागी ठेवल्याच नव्हत्या. म्हणजे तिजोरीही चोराच्या हाती आणि वहीही! पण दाखले तपासून देणाऱ्या सर्व्हरची नोंद कामी आली. गूगलच्या खोट्या दाखल्याची विचारणा सुमारे ३ लाख आयपी पत्त्यांवरून झाली होती आणि त्यांतले ९९ टक्क्यांहून अधिक इराणमधले होते. पाळत कोणावर होती, ते त्या कोरड्या ओळींनी सांगितलं. सप्टेंबरात कंपनीचं दिवाळं निघालं.

शिकवत होतो तेव्हा प्रोग्राम बिघडला म्हणून कोणी आलं, की मी आधी लॉग मागायचो. नोडमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमध्ये, बहुतेकांची मजल ‘कन्सोल.लॉग’पर्यंत. ते पडद्यावर उमटतं. फाइलकडे वळवलं नाही, तर खिडकी बंद होताच गेलं. फाइलीत लिहिणारे ‘एफएस.अपेंडफाइल’ वापरतात. जुन्या मजकुराला धक्का न लावता ते खाली ओळ जोडतं, अगदी मुनीमजींसारखं. पण एरर ‘जेसन.स्ट्रिंगिफाय’मधून घातली, तर फाइलीत नुसता रिकामा महिरपी कंस उतरतो! एररचा संदेश आणि तिचा माग देणारा ‘स्टॅक’ त्या यादीत मोजलेच जात नाहीत. म्हणून ‘स्टॅक’ मुद्दाम लिहावा लागतो. ऑब्जेक्टचं उलटं: तो अधिकचिन्हाने वाक्याला जोडलात, तर ‘ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट’ एवढंच उरतं. तिथे मात्र स्ट्रिंगिफाय हवं.

वेळ यूटीसीमध्ये लिहा. इथे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी रात्रीचे अडीच दोनदा वाजतात. त्यातली एरर पहिल्या अडीचची की दुसऱ्या, ते सोमवारी कोण सांगणार? आणि फाइलीची प्रत दुसऱ्या मशीनवर जाऊ द्या. पासवर्ड आणि बीएसएन मात्र त्या वहीत चढवू नका.