किल्ली कोणाकडे?

प्रार्थनास्थळाचे रूपांतर म्हटले की आपल्या माणसाच्या काळजात धस्स होते. 6 डिसेंबर 1992 ला आमच्या पिढीतले कोणी पाळण्यात होते, कोणी नुकते बोट धरून चालत होते. तरी ती तारीख घरातल्या दबक्या बोलण्यातून ऐकतच आम्ही वाढलो. उर्दूच्या शिक्षकाला इक्बालांची 'मस्जिद-ए-कुर्तुबा' ठाऊक असतेच. 1236 मध्ये ख्रिस्ती राजाने शहर जिंकले आणि त्या मस्जिदीचे चर्च झाले. 1933 मध्ये इक्बाल तिथे गेले आणि त्या भेटीतून ही नज्म जन्मली. पण हे दुःख एका बाजूनेच मोजता येत नाही. इस्तंबूलचे आयासोफिया 1453 पर्यंत चर्च होते. मग ते मस्जिद झाले, 1935 पासून संग्रहालय आणि 2020 पासून पुन्हा मस्जिद. कुर्तुब्यासाठी ओलावणाऱ्या डोळ्यांना आयासोफियाकडेही बघावे लागते.

या साऱ्या उदाहरणांत एक घेणारा आहे आणि एक गमावणारा. म्हणूनच इंग्लंडातल्या नॉरिच शहराची हकिगत आम्हांला वेगळी वाटली. हे शहर आम्ही पाहिलेले नाही. इतिहासाच्या तासाला युरोपातली धर्मसुधारणा शिकवता शिकवता पुस्तकांतून आणि छायाचित्रांतून त्याच्यापर्यंत पोचलो.

मध्ययुगात लोकरीच्या व्यापारावर नॉरिच इंग्लंडातले एक बडे शहर झाले. पैसा आला तशी गल्लोगल्ली चर्चे उभी राहिली. जुन्या तटबंदीच्या आत त्यांतली तीसहून अधिक आजही उभी आहेत. पुढे वस्ती शहराच्या मध्यातून उपनगरांकडे सरकली, जुन्या पेठेत दुकाने आणि कचेऱ्या राहिल्या. 1942 च्या एप्रिलमध्ये जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले. सेंट बेनेडिक्ट्स स्ट्रीट ज्या चर्चच्या नावाने ओळखला जातो त्याचा तर फक्त गोल मनोरा उरला. चर्चे होती, पण रविवारी बाकांवर बसायला माणसे नव्हती.

याच रस्त्यावर सेंट स्विदिनचे मध्ययुगीन चर्च आहे. तेही ओस पडले होते. 1980 च्या सुमारास तिथे नॉरिच आर्ट्स सेंटर सुरू झाले. जिथे प्रार्थना व्हायची तिथे आता गाणे, नाटक, नाच आणि विनोदाचे कार्यक्रम होतात, मुलांच्या कार्यशाळा भरतात. उभ्याने तीनशेच्या आतबाहेर माणसे मावतील एवढीच जागा. तरी 2014 मध्ये एका नामांकित ब्रिटिश संगीत साप्ताहिकाने देशातले सर्वोत्तम छोटे सभागृह म्हणून तिची निवड केली. शहराच्या दुसऱ्या टोकाला सेंट जेम्स चर्चमध्ये चाळीसहून अधिक वर्षे कळसूत्री बाहुल्यांचे थिएटर चालते.

हे कसे झाले, ते महत्त्वाचे. इंग्लंडच्या चर्चने 1968 मध्ये स्वतःच एक कायदा केला. जे चर्च उपासनेसाठी लागत नाही, ते रीतसर बंद करायचे, त्याला नवा उपयोग शोधायचा, लोकांच्या हरकती ऐकायच्या, आवारातल्या कबरींची तजवीज करायची, असे सारे त्यात आले. नॉरिचमध्ये 1973 मध्ये त्यासाठी खास ट्रस्ट स्थापन झाला. इमारती नगरपालिकेच्या मालकीच्या. ट्रस्ट त्या भाडेपट्ट्याने घेतो, छपरे आणि भिंती सांभाळतो आणि कलावंतांना, संस्थांना वापरायला देतो. अशी अठरा मध्ययुगीन चर्चे त्याच्याकडे आहेत. म्हणजे कोणी कोणाचे हिसकावले नाही. ज्यांचे होते त्यांनीच ठरवले.

पण त्याच नॉरिचमध्ये दुसरी गोष्टही घडली आहे. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले तेव्हा डॉमिनिकन साधूंचा भव्य मठ राजाच्या घशात गेला. 1538 मध्ये शहराने तो 81 पौंडांना विकत घेतला. छपरावरच्या शिशाचे 152 पौंड वेगळे मोजले. प्रार्थनेच्या जागेपेक्षा तिच्यावरचे शिसे महाग! आज ते शहराचे मोठे सभागृह आहे, आणि त्याच्यामुळेच ती वास्तू वाचली, हेही खरे. पण तिथल्या साधूंना कोणी विचारले नव्हते. पुढे 1565 मध्ये स्पॅनिश राजवटीच्या धर्मछळाला कंटाळलेल्या विणकरांची तीस कुटुंबे शहराने बोलावून घेतली, आणि कालांतराने त्या परक्यांना याच मठाच्या एका भागात आपल्या भाषेत उपासना करायला जागा मिळाली. एकाच दगडी भिंतीने जुलूमही पाहिला आणि आसराही दिला.

आमच्या दीनमध्ये या गोष्टीचे भान पहिल्यापासून आहे. सूरह हजच्या चाळिसाव्या आयतीत ज्या प्रार्थनास्थळांच्या रक्षणाचा उल्लेख येतो, त्यांत मठ, चर्चे आणि यहुद्यांची उपासनागृहे आधी येतात, मस्जिदी नंतर. हजरत उमर जेरुसलेमला गेले तेव्हा चर्चमध्ये नमाज पढायला त्यांनी नकार दिला, अशी रिवायत आहे. आपण इथे नमाज पढलो तर उद्या आपलेच लोक या जागेवर हक्क सांगतील, ही त्यांची काळजी होती.

आता कोणी विचारेल, मग आपणही ओस मस्जिदींची नाट्यगृहे करायची का? नाही. हनफी असो की आपले कोकणातले शाफई, एकदा मस्जिद झालेली जागा कायमची मस्जिद, हाच प्रबळ विचार आहे. शिवाय नॉरिचच्या त्या केंद्रात मद्यही मिळते, ते आम्हांला रुचणारे नाही. नक्कल करायची नाही.

पण मस्जिदीभोवती वक्फचे बरेच काही असते. जमातखाना असतो, मुसाफिरखाना असतो, बंद पडलेल्या मदरशाच्या खोल्या असतात. आमच्या मोहल्ल्यातला जमातखाना वर्षातून मोजक्या लग्नांना उघडतो, एरवी त्याला कुलूप. आमच्या दहावीच्या मुली मात्र एका खोलीच्या घरात, टीव्हीच्या आवाजात, लहान भावाला मांडीवर घेऊन भूमिती सोडवतात. संध्याकाळी दोन तास ती जागा अभ्यासिकेला द्या, असे आम्ही काही शिक्षकांनी अर्ज लिहून दिले. मुली तिथे येऊन बसल्या तर लोक काय म्हणतील, असे उत्तर मिळाले. मुशायऱ्याला जागा मागितली तेव्हा वाटणीवरून झगडे होतील, असे सांगण्यात आले.

2025 च्या वक्फ दुरुस्ती कायद्यानंतर आपल्याकडे एकच घबराट आहे: जागा हातातून जातील. ही भीती खोटी नाही, आणि कागदपत्रांसाठी लढायलाच हवे. पण ज्या जागेत वर्षभर कोणाचे पाऊल पडत नाही, ती आपली आहे हे आपल्या पोरांना तरी कसे कळावे? जिथे बसून एखादी मुलगी परीक्षा पास झाली, जिथे एखाद्या पोराने पहिला शेर वाचला, त्या जागेसाठी उद्या तीच पोरे उभी राहतील. कुलपासाठी कोण उभे राहील?

नॉरिचकरांचे एकच घेण्यासारखे आहे. रिकाम्या जागेचे काय करायचे, हे त्यांनी उघडपणे, सर्वांना विचारून, हिशेब मांडून ठरवले. आपल्या मुतवल्ली साहेबांना आमचे सांगणे एवढेच की, मस्जिद मस्जिदच राहो, आमीन. पण जमातखान्याची किल्ली मार्चपर्यंत तरी संध्याकाळी सहा ते आठ मुलींकडे राहू द्या. झाडू मारायला आम्ही शिक्षक येऊ.