जग वगळलेली शर्यत

पुणे

प्रिय ताई,


'द अमेझिंग रेस'च्या आठव्या पर्वावर अमेरिकी प्रेक्षक एवढे का संतापले, हा तुझा प्रश्न आणि त्यामागचा आक्षेप मी नीट वाचला. वर्षानुवर्षं घरबसल्या जग पाहायला मिळालेल्या लोकांचे हे लाड आहेत, एक पर्व घराजवळ फिरलं तर एवढा कांगावा कशाला, असं तुझं म्हणणं. मला ते पटत नाही. त्या संतापात या खेळाची नेमकी पारख होती, आणि हा खेळ कशावर उभा आहे हे त्या वर्षी निर्मात्यांपेक्षा प्रेक्षकांना जास्त कळलं होतं, असं मी मानतो.

आधी घडलं काय ते पाहू. सप्टेंबर 2001मध्ये सीबीएस वाहिनीवर सुरू झालेल्या या शर्यतीत दोघादोघांच्या जोड्या देशोदेशी धावायच्या आणि जिंकणाऱ्या जोडीला दहा लाख डॉलर मिळायचे. 2003मध्ये तिला एमी पुरस्कारही मिळाला. मे 2005मध्ये संपलेलं सातवं पर्व पेरू, चिली, अर्जेंटिना, दक्षिण आफ्रिका, बोट्सवाना करत आपल्या लखनौ-जोधपूरलाही येऊन गेलं होतं. त्याच वर्षी 27 सप्टेंबरला आलेल्या आठव्या पर्वात जोड्यांऐवजी चारचार जणांची दहा कुटुंबं उतरली. ती न्यूयॉर्कहून निघाली, पेनसिल्व्हेनिया आणि वॉशिंग्टनमार्गे दक्षिणेकडच्या राज्यांत गेली, पनामा आणि कोस्टारिकाला धावती भेट देऊन ॲरिझोना, युटा, यलोस्टोन आणि कॅनडा करत पुन्हा न्यूयॉर्क राज्यातच पोचली. बराचसा प्रवास मोठ्या गाड्या स्वतः चालवत झाला. अलाबामातल्या ॲनिस्टन गावची ऑफिसच्या खुर्चीची अवाढव्य प्रतिकृती हा त्यातला एक मुक्काम. पिरॅमिड आणि ताजमहाल पाहिलेल्या प्रेक्षकाला हे खुजं वाटणारच, असं तू म्हणशील.

पण निसर्गसौंदर्य कमी पडलं म्हणून लोक चिडले असतील, तर युटाच्या लाल खडकांनी आणि यलोस्टोनच्या उकळत्या झऱ्यांनी ती तक्रार मिटायला हवी होती. ती मिटली नाही, कारण उणीव वेगळीच होती. या खेळात खरा निर्णय नेहमी तिसऱ्याच माणसाच्या हाती असतो. रस्ता ठाऊक नसलेला टॅक्सीवाला, तिकीट खिडकीवरची कर्मचारी, खाणाखुणांनी वाट दाखवणारा दुकानदार यांच्यामुळे पुढची जोडी मागे पडते आणि संपत आलेली जोडी तरते. 2011च्या अठराव्या पर्वात कोलकात्यात, आधी चाखलेल्या चहाची चव मांडून ठेवलेल्या असंख्य कपांतून ओळखायची होती. तिथे चपळाई आणि ताकद कामाची नव्हती, शर्यत सोडून थांबावं लागत होतं. स्वतःच्या देशात, स्वतःच्या भाषेत, पाट्या वाचत गाडी हाकणाऱ्या कुटुंबाला अशी परस्वाधीनता क्वचितच भोगावी लागते. चुकलं तर हमरस्त्यावरचं वळण चुकतं, एवढंच. प्रेक्षकांना हवं होतं ते परक्या माणसावर विसंबण्यातलं नाट्य, आणि नेमकं तेच काढून घेतलं गेलं होतं.

यातून दुसरं एक नुकसान झालं, आणि तुझ्या आक्षेपाचा सर्वांत वजनदार भाग त्याच्याशीच निगडित आहे. बाहेरचं जग आटल्यावर कॅमेऱ्यासमोर उरलं गाडीतलं कुटुंब आणि त्याची धुसफुस. एका आईवर आणि तिच्या तीन मुलांवर प्रेक्षकांनी फार कडवट राग धरला. वडील अपघातात गमावलेली ती मुलं होती. इतर कुटुंबांना ती जे बोलत होती ते बोचणारं होतं हे खरं. पण अनेक दिवसांच्या चित्रीकरणातून कापून-जोडून तासाभरात दाखवलेल्या वागण्यावरून कोवळ्या वयाच्या मुलांचा स्वभाव ठरवणं अन्यायाचंच होतं. इथे मी पूर्णपणे तुझ्या बाजूला आहे. तरीही सातव्या पर्वाशी ताडून पाहा. अर्जेंटिनात दोन किलोच्या आसपास मांस संपवण्याऐवजी रॉब मारियानो या स्पर्धकाने चार तासांचा दंड पत्करला आणि इतर जोड्यांनाही तोच मार्ग घ्यायला राजी केलं. त्याचाही अनेकांना राग आला, पण वाद रंगला तो त्याच्या चालीवर. डावपेच लढवायला जागा असते तेव्हा प्रेक्षक खेळाबद्दल भांडतात. ती जागा गेली की माणसांवर घसरतात. निर्दयतेची जबाबदारी प्रेक्षकांचीच, पण तिला वाट रचनेने करून दिली.

मुलांना सोबत घेऊन जगभर फिरवणं जोखमीचं होतं, चाळीस जणांचा विमानखर्च मोठा होता, हे तुझे मुद्दे रास्तच आहेत. मात्र एखाद्या निर्णयामागे सबळ कारण होतं एवढ्याने त्याचं फळ चांगलं ठरत नाही. कुटुंबं घ्यायची तर खेळही त्यांच्यासाठी नव्याने घडवायला हवा होता. दुसरी शंका अशी, की या साऱ्याच्या मुळाशी परदेशाची हौसच असेल. तिची परीक्षा पुढे आपोआप झाली. फेब्रुवारी 2020मध्ये महासाथीमुळे थांबलेलं तेहतिसावं पर्व सप्टेंबर 2021मध्ये खास भाड्याने घेतलेल्या विमानातून पुढे सरकलं. स्वित्झर्लंड, ग्रीस, पोर्तुगाल असे देश होते, तरी मुरलेल्या प्रेक्षकांना विमानतळावरची तिकिटांची धडपड नसल्याचं खटकलं. म्हणजे परदेश असूनही अनिश्चितता गेली की खेळ फिका पडतो. पस्तिसाव्या पर्वात, 2023 साली, नेहमीची विमानं परत आली.

गरीब देशांना या शर्यतीने अनेकदा नुसता देखावा केलं, हा आरोपही मी नाकारत नाही. पण आठव्या पर्वावरच्या तक्रारीतच त्यावर उपाय दडलेला आहे. स्पर्धकाला स्थानिक माणसाच्या मदतीची खरी गरज पडते, तेव्हा त्या माणसाला पडद्यावर स्वतःचं वजन मिळतं. ज्याच्यावाचून आपलं अडतं, त्याला देखावा मानणं कठीण होतं.

फेब्रुवारी 2006मध्ये नववं पर्व जोड्या घेऊन साओ पावलो, मॉस्को करत पुन्हा जगभर गेलं, आणि अमेरिकी मालिकेत कुटुंबांचा प्रयोग परत झाला नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच, ताई: प्रेक्षकांच्या संतापाचे दोन भाग वेगळे कर. मुलांवर काढलेल्या रागाचा निषेध कर, मीही तुझ्याबरोबर आहे. पण खेळाच्या घडणीबद्दल त्यांनी जे ओळखलं, त्याला लाड म्हणू नकोस. ती समीक्षा होती, आणि ती बरोबर होती.

तुझा धाकटा भाऊ