पाठकोऱ्या कागदांचे दिवस

वाड्यात कोणी एलिमेंटरीला बसलं की ते सगळ्यात आधी स्वयंपाकघराला कळायचं. पितळी तांब्या नाहीसा व्हायचा, चहाची किटली नाहीशी व्हायची आणि बाजारातून आणलेल्या वांग्यांतलं सगळ्यात डौलदार वांगं स्टुलावर, चुण्या पाडून ठेवलेल्या टॉवेलाशेजारी जाऊन बसायचं. वस्तुचित्र पुरं होईपर्यंत त्या वांग्याला विळी लागत नसे. आई दोनदा "झालं का रे तुझं?" म्हणून विचारायची आणि मग उरलेल्या वांग्यांत बटाटा घालून भाजी वाढवायची. "हलवू नका हं" हे पालुपद पावसाळाभर घरोघर चालायचं. तांब्या हलवू नका, स्टूल हलवू नका, खिडकीची झडप हलवू नका, सावली सरकते.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत तालुक्याच्या गावी शिकलेल्या आम्हा सगळ्यांचं थोड्याफार फरकाने असंच. आठवीत एलिमेंटरी, नववीत इंटरमिजिएट. शासकीय रेखाकला परीक्षा हे तिचं छापील नाव, आणि घेणारं मुंबईचं कला संचालनालय. दोन दिवस पेपर: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. परीक्षेला निघताना काखेत ड्रॉइंग बोर्ड, पिशवीत पाण्याचा डबा, धुतलेल्या चिंध्या, कंपासपेटी, गुण्या आणि आदल्या रात्री ब्लेडने तासून ठेवलेल्या पेन्सिली. एचबी आखायला, टूबी छटेला, फोरबी जपून.

परीक्षेचा कागद चांगला. 22 बाय 30 इंचांचा इम्पीरियल ताव, त्याचे चार तुकडे. तो घरी सरावाला कोण देणार? सरावाला पाठकोरे कागद. लग्नपत्रिकेची मागची बाजू, कचेरीतून आलेले बाद तक्ते, कापडाच्या घडीतला पुठ्ठा, किराणा दुकानाच्या कॅलेंडरची सरलेल्या महिन्याची पानं. 1973 पासून कालनिर्णय घरोघर आलं. पण त्याच्या पाठीवर मजकूर, म्हणून आमच्या लेखी ते कामाचं नव्हतं. महिना संपायच्या आतच कॅलेंडरच्या पानावर धाकटे हक्क सांगून ठेवत.

रंग कॅम्लिनचे. दांडेकर बंधूंनी 1931 साली शाईपासून सुरू केलेला तो मराठी उद्योग आमच्या दप्तरात उंटाच्या चित्राने शिरला. पोस्टर कलरच्या बाटल्या भावंडांत मिळून असायच्या. पांढरा सगळ्यात आधी संपे, कारण प्रत्येक रंग फिका करायला तोच लागे. वाळलेल्या बाटलीत पाणी घालून ती रात्रभर ठेवायची, सकाळी काडीने ढवळायची. ब्रशही थोरल्याकडून धाकट्याकडे येत. दांडी मोडली तर दोऱ्याने बांधायची, केस विस्कटले तर साबणाच्या पाण्याने टोक वळून सुकवायचं. रंग कालवायला औषधाच्या बाटल्यांची झाकणं, नाहीतर करवंट्या. भेंडी आडवी कापून ठसे, पिंपळाचं पान कागदावर ठेवून जुन्या टूथब्रशने कंगव्यावर शाई घासून उडवलेले शिंतोडे. पान उचललं की त्याची कोरी आकृती उमटलेली असायची, आणि ती बघायला शेजारच्या काकूही हातातलं काम टाकून येत.

संकल्पचित्राला घरच्या बायकांचा हात लागायचा. आईजवळ भरतकामाच्या नमुन्यांची वही असे, आजीच्या बोटांत ठिपक्यांची रांगोळी. वर्तुळात पानं-फुलं कशी बसवायची, मधली जागा कशी भरायची, एक पाकळी चुकली तर बाकीच्या कशा सांभाळून घ्यायच्या हे त्या सहज सांगायच्या. चित्राचा एकच भाग नीट काढायचा, बटर पेपरवर उतरवायचा, मागून पेन्सिल घासायची आणि दाबून दाबून उरलेल्या भागांत छापायचा. मग सपाट रंग, डाग न पडता, पहिला हात वाळल्यावर दुसरा.

पण आमच्या पिढीला खरं काही दिलं असेल तर ते अक्षरलेखनाने. सर फळ्यावर दोन रेघा ओढत आणि रोमन अक्षरं चौकटीत बसवून दाखवत. एम आणि डब्ल्यू रुंद, आय बारीक. मग पट्टी बाजूला ठेवायला लावत. दोन उभ्या रेघा शेजारी आल्या तर जागा जास्त सोडायची, एल आणि ए शेजारी आले तर कमी; हे पट्टीला समजत नाही, डोळ्याला समजतं. देवनागरीला बोरू. बोरूची जीभ तिरकी कापलेली हवी, हात एकाच कोनात चालायला हवा, म्हणजे अक्षर आपोआप कुठे जाड, कुठे नाजूक होतं. शाई पुडीची, घरीच कालवलेली.

आणि हे शिकलेलं लगेच कामाला लागायचं. शाळेच्या दाराशी फलक असायचा. त्यावर रोजचा सुविचार आणि टिळक पुण्यतिथी, बालदिन, प्रजासत्ताक दिन अशा दिवसांना रंगीत खडूंनी काढलेलं चित्र. सर सकाळी लवकर येऊन ते काढत, आणि ज्यांची अक्षरं बरी त्यांना कडेची नक्षी मिळे. वर्षातून एकदा हस्तलिखित निघायचं. एकच प्रत, पण तिचं मुखपृष्ठ, शीर्षकं, समास, कोपऱ्यातली चित्रं यांवर महिनाभर वाद चालत. विज्ञान प्रदर्शनाचे तक्ते, स्नेहसंमेलनाचा पडदा, गल्लीच्या गणपतीची पाटी, सगळं आमच्याकडे. जाहिरातकला हे नाव तेव्हा ठाऊक नव्हतं. मुंबईला सर जे. जे.मध्ये ती शिकवणारी वेगळी संस्था 1961 पासून आहे, हे पुष्कळांना दहावीनंतर कळलं.

गुरू मात्र घरी रोज यायचे, वर्तमानपत्रातून. नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची अक्षरं आम्ही कापून वहीत चिकटवत होतो. नाटक बघायला मिळायचं नाही, पण ते गंभीर आहे की हसवणारं, हे अक्षरांच्या वळणावरून ओळखायचं आणि वडिलांना विचारून खात्री करायची. जुने दिवाळी अंक हाती आले की दलालांचं मुखपृष्ठ कोणतं, मुळगावकरांचं कोणतं, हे सही न बघता सांगायची चढाओढ. मग त्यावर चौकटी आखून मोठं चित्र काढायचं. मुळगावकरांच्या चित्रातल्या चेहऱ्याची ती झळाळी आमच्या ब्रशातून कधी उतरली नाही, पण तिच्यासाठी किती पाठकोरे कागद खर्ची पडले!

चित्रकलेचा तास तेव्हाही गणिताला आणि इंग्रजीला दिला जाई, आता तर सर्रास दिला जातो. आम्हाला ते तेव्हाही खटकायचं, आजही खटकतं. आता इंटरमिजिएटच्या श्रेणीचे दहावीला जादा गुण मिळतात, ए श्रेणीला 7. त्यामुळे परीक्षेला गर्दी आहे, ही चांगली गोष्ट. पण गुणांपुरता रंगवलेला कागद वेगळा आणि आठवड्याला दोन तास नुसतं बघायला शिकणं वेगळं. त्या तासाला फोरबी पेन्सिल हातात घेतलेला प्रत्येक जण काही चित्रकार झाला नाही. कोणी नर्स झालं, कोणी तलाठी, कोणी एस.टी.त लागलं. काहींनी गावात पेंटरचं दुकान टाकलं आणि फ्लेक्स आल्यावर ते बंद केलं. पण गाडीच्या पाटीवरच्या आकड्यांची दाटी आणि लग्नपत्रिकेवरचे पाच प्रकारचे टाइप त्यांच्यापैकी एकाच्याही नजरेतून आजही सुटत नाहीत.

गल्लीच्या गणपतीचा फलक आता फ्लेक्सवर छापतात. मंडळाची पोरं मोबाइलमध्ये मजकूर घेऊन जातात आणि आमच्यातला कोणीतरी न बोलावता सोबत जातो. दुकानातला मुलगा कडेपर्यंत फोटो भरतो. आम्ही म्हणतो, "बाळा, समास सोड की जरा." तो म्हणतो, "काका, जागा वाया जाईल ना." मग त्याच्या खुर्चीमागे उभं राहून आम्ही त्याला शिरोरेषा खाली घ्यायला लावतो, नावांची भाऊगर्दी एका बाजूला सारायला लावतो, लालाशेजारचा हिरवा काढायला लावतो. पोरं घड्याळ बघत असतात. "थोडं डावीकडे," आम्ही म्हणतो. "अजून. हां, आता श्वास घेतंय."