सरावाचा प्रश्न

परीक्षा जवळ आली, की घरोघरी पहाटेपासून वाचनाचा घोष सुरू होतो. रसायनशास्त्राचे पुस्तक उघडले जाते. खुणा केलेल्या ओळी पुन्हा एकदा नजरेखालून जातात. सारे ओळखीचे वाटते व मनाला समाधान लाभते. परंतु ओळख निराळी आणि ज्ञान निराळे. रस्त्यात रोज दिसणाऱ्या गृहस्थाचा चेहरा ओळखीचा असतो. पण त्याचे नाव विचारले, तर सांगता येत नाही!

हा भ्रम दूर करतो तो सरावाचा प्रश्न. हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगाने पाणी होते, हे कोणता विद्यार्थी जाणत नाही? पण ‘या अभिक्रियेचे संतुलित समीकरण लिहा’ असे म्हणताच लेखणी अडखळते. डावीकडे ऑक्सिजनचे अणू दोन, उजवीकडे मात्र एकच. उतावळा विद्यार्थी पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनच्या पायाशी हळूच दोनचा अंक घालतो आणि पुढे सरकतो. हिशेब जुळतो खरा. पण पाणी नाहीसे होऊन तेथे हायड्रोजन पेरॉक्साइड आलेले असते! जमाखर्चाचा मेळ बसेना, म्हणून वहीत मालाचेच नाव बदलावे, तसा हा प्रकार. पदार्थाचे सूत्र बदलता येत नाही. बदलता येते ती केवळ रेणूंची संख्या. हायड्रोजनचे दोन रेणू व ऑक्सिजनचा एक रेणू मिळून पाण्याचे दोन रेणू होतात. ही चूक एकदा स्वतःच्या हाताने करून स्वतःच सुधारली, की नियम मनात कायमचा ठसतो.

अमेरिकेतील रोडिगर व कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली याचा पडताळा घेतला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला; काहींनी तो बाजूस ठेवून आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी वाचणारे सरस ठरले. आठवडा लोटल्यावर मात्र लिहून काढणाऱ्यांना अधिक आठवत होते.

पण सरावाचे फळ प्रामाणिकपणावर अवलंबून असते. पुस्तकाच्या अखेरीस उत्तरे छापलेली असतात आणि प्रश्न अडला, की बोटे आपोआप तिकडे वळतात. अशा वेळी मेंडेलीव्हचे स्मरण करावे. विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिताना मूलद्रव्यांची मांडणी कशी करावी, या विचारात तो पडला आणि १८६९ साली त्याने आपला तक्ता प्रसिद्ध केला. जेथे ज्ञात मूलद्रव्य बसेना, तेथे त्याने ओढूनताणून काही भरले नाही. जागा रिकामी ठेवली. १८७५ साली गॅलियम सापडले आणि त्यांतील एक जागा भरली.

विद्यार्थ्याच्या वहीतील रिकामी जागाही अशीच मोलाची असते. अजून काय शिकावयाचे आहे, हे तीच दाखविते. उसन्या उत्तराने ती झाकणारा स्वतःलाच फसवितो. तिच्याकडे धैर्याने पाहून पुन्हा पुस्तकाकडे वळणारा मात्र परीक्षेपूर्वीच अर्धी परीक्षा उत्तीर्ण झालेला असतो.