मंदाक्रांतेत वीस किलोमीटर

वाद पेटला तो तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर. रविवारची फुटाळ्याची धाव आटोपून आम्ही दोघं प्लेटा घेऊन उभे होतो. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला नावं दिलेली, पण सराव करायचा कुठे? नागपुरात चढ म्हणजे सेमिनरी हिल्स. तो जाणवेपर्यंत संपतो. मी म्हटलं, "रामटेकला जाऊ. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी आहे, पायांना पुण्यही लागेल."

माझा जोडीदार जन्माने सरगुजाचा, अंबिकापूरकडचा. नागपुरात पंचवीस वर्षं काढून बोली आमची झाली, अभिमान तिकडचाच राहिला. पोह्यांवर लिंबू पिळत तो म्हणाला, "अबे, रामगिरी म्हणजे आमचा रामगड. तुमच्या मिराशींनी पळवला."

मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवता शिकवता वाकाटकांचे ताम्रपट लावणाऱ्या वा. वि. मिराशींबद्दल वाकडा शब्द मला खपत नाही. त्यामुळे सरावाचा दिवस आपोआपच ठरला, मेघदूतातलाच, आषाढाचा पहिला.

आदल्या रात्री ज्या लॉजवर उतरलो, तिथे पंखा लावला की दिवा मंद व्हायचा आणि दिवा घालवला की डास यायचे. पहाटे पाचला मनसरहून पाय उचलले, ते निम्मे झोपेतच. मनसर, रामटेक, गड, अंबाळा आणि शेवटी नगरधन, अशी वीसेक किलोमीटरची आखणी.

मनसरच्या हिडिंबा टेकडीवर विटांचं भलंमोठं प्राचीन बांधकाम उघडं पडलं आहे. तिथेच जोडीदाराने पहिला टोला हाणला. मिराशींनी वाकाटकांची राजधानी प्रवरपूर वर्ध्याजवळच्या पवनारला ठेवली होती. १९९७ नंतर जगत्पती जोशी आणि ए. के. शर्मा यांनी ही टेकडी खणली आणि आता बरेच अभ्यासक मनसरलाच प्रवरपूर मानतात. "ज्याची राजधानी शंभर किलोमीटर सरकते, त्याचा डोंगर जागेवर राहील काहून?" मी उत्तर दिलं नाही. दम वाचवायचा होता, असं मी त्याला सांगितलं.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या, नांगरून ठेवलेल्या. दोन दिवसांपूर्वी सर येऊन गेली असावी, मातीला वास होता. मेघदूतातला ढगही नुकत्याच नांगरलेल्या, गंधाळलेल्या माळावरूनच चढतो. हा पुरावा मी मनात जमा केला आणि लगेच खोडून टाकला. नांगरलेली माती काय सरगुजात वास देत नाही?

मुख्य पुरावा गडाच्या चढासाठी राखून ठेवला होता. गाडीरस्त्याचं पहिलं वळण येताच तोंड उघडलं. प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि वाकाटकांची विधवा राणी. मुलगा लहान म्हणून तेरा वर्षं तरी तिनेच कारभार पाहिला. ताम्रपटात वंशावळ दिली तीही सासरची नाही, माहेरची. तिचा रिद्धपूरचा ताम्रपट रामगिरीच्या स्वामीच्या पायाशी बसून दिलेला आहे. आता भूगोल बघ, मी धापा टाकत म्हणालो. मेघदूतातल्या विरही यक्षाचा ढग रामगिरीहून उत्तरेला निघतो आणि वाटेत त्याला नर्मदा लागते. नर्मदा अमरकंटकला उगम पावून पश्चिमेला जाते, तुझा रामगड त्याच्याही पूर्वेला. टीकाकार मल्लिनाथाने रामगिरी म्हणून सांगितलेला चित्रकूट तर नर्मदेच्या पलीकडेच. मग ढग नदी ओलांडणार कुठे?

"कवी होता बे तो, तलाठी नव्हता," जोडीदार म्हणाला. त्याच्या रामगडावर सीताबेंगरा आणि जोगीमारा ही लेणी आहेत. त्यांतले ब्राह्मी लेख वाकाटकांहून कितीतरी शतकं जुने, आणि हे सांगताना त्याला धापही लागत नव्हती.

दुसऱ्या वळणावर माझे पाय बोलायचे थांबले. तेव्हा मेघदूताची मंदाक्रांता कामी आली. सतरा अक्षरं, चार-सहा-सात अशी तोडलेली. चार जड पावलं, मग पाच चटचट, सहाव्याला पाय रोवायचा आणि पुढे सातांचा हेलकावा. वृत्ताच्या नावातच सावकाश पाऊल टाकणं आहे. मनात आकडे मोजत मी तो चढ काढला. ज्याने हे वृत्त विरहासाठी निवडलं, तो कधीतरी डोंगर चढला असणार, हे मला पटलं. कोणता डोंगर, ते मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

राममंदिर, कालिदास स्मारक वगैरे आम्ही पळतच मागे टाकलं. वानरांना आमच्या कंबरेच्या बाटल्यांत भलताच रस होता. थांबलो फक्त केवल नरसिंहापाशी. तांबूस दगडातला तो बसका, रुंद देव, आणि त्याच्या मंदिरातल्या वाकाटक लेखात प्रभावतीचं नाव. जोडीदार नेहमी घड्याळ थांबवतो, इथे विसरला.

अंबाळ्याच्या पायऱ्या उतरताना गुडघ्यांनी वेगळं अधिवेशन भरवलं. पुढचा नगरधनचा रस्ता सपाट आणि उघडा. कोणी कोणाशी बोललं नाही. तो पुढे गेला की मी त्याच्या टाचांकडे बघायचो, मी पुढे गेलो की मागून त्याचे बूट ऐकू यायचे. नगरधन म्हणजे नंदिवर्धन, वाकाटकांची जुनी राजधानी. २०१५ ते २०१८ च्या उत्खननात तिथे मातीची एक मुद्रा सापडली, शंखाचं चिन्ह आणि प्रभावतीचं नाव असलेली. ही माहिती मी शेवटच्या किलोमीटरसाठी ठेवली होती. ती सांगायला श्वास उरला नाही.

कोटाच्या दरवाजाशी त्याच्या पोटरीत गोळा आला. तो पाय लांब करून बसला, मी अंगठा धरून ताणत राहिलो. वारा एकदम फिरला. मौद्याकडून, भंडाऱ्याकडून आभाळ काळं होत चाललं होतं.

"पाहून राहिला ना?" पाय माझ्या हातात, बोट पूर्वेकडे. "तुह्या रामटेकचा ढगही आमच्याकडूनच येते."

मी अंगठा जरा जोरात ओढला.