भुसावळ ते बोदवड : कानात जर्मन, घरात मारवाडी

शनिवारी सकाळी भुसावळहून बडनेऱ्याकडे जाणारी पॅसेंजर फलाटाला लागते, तेव्हा तिच्यात निम्मे प्रवासी शिरसाळ्याच्या मारुतीला निघालेले असतात. हातात नारळ, रुईच्या पानांच्या माळा आणि ओठांवर नाव. उरलेल्यांत बाजाराला जाणारे, नोकरीवर जाणारे आणि माझ्यासारख्या माहेरवाशिणी. बोदवडला माझी ८६ वर्षांची आई राहते. आम्ही सर्व भावंडे तिला ‘बाई’ म्हणतो. आठवड्यातून एक दिवस तिच्याजवळ बसावे, एवढाच या प्रवासाचा हेतू.

खिडकीजवळ जागा मिळाली की मी कानात इअरफोन घालते आणि पुटपुटू लागते. साठी ओलांडलेली, डोक्यावर पदर घेतलेली स्त्री डोळे मिटून काही पुटपुटत असेल तर ती जप करीत असणार, असे कोणालाही वाटेल. एकदा समोरच्या आजींनी न राहवून विचारलेच, “कोन्तं स्तोत्र म्हनून राह्यल्या, माय?” मी खरे ते सांगितले. जर्मन भाषेतील आठवड्याचे वार पाठ करीत होते. आजी क्षणभर पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “करा, करा. शिकनं काही वाया जात न्हाई.”

या वयात जर्मन शिकण्याची वेळ का आली, ते सांगितले पाहिजे. माझी मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त स्टुटगार्टला असतात. नात साडेचार वर्षांची आहे. किंडरगार्टनमध्ये जाऊ लागल्यापासून काही महिन्यांतच तिच्या तोंडून आमचे शब्द मागे पडले आणि तिकडचे पुढे आले. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका संध्याकाळी व्हिडिओ कॉल चालू असताना मुलगी दार उघडण्यासाठी आत गेली. तेवढ्यात नात फोनसमोर येऊन रडत रडत मला काही सांगू लागली. काहीतरी लागले होते, की कोणी खेळणे हिसकावले होते, मला एक अक्षर कळेना. ती रडत होती आणि मी, दुसरे काही सुचत नसल्याने, हसत होते. तिने माझ्या हसण्याकडे पाहिले, रडणे थांबवले आणि ती निघून गेली. ते निघून जाणे मला फार लागले.

दुसऱ्याच दिवशी नातेवाइकांतील एका मुलाने माझ्या फोनवर ड्युओलिंगो उतरवून दिले. हिरव्या घुबडाचे चिन्ह असलेले हे ॲप २०१२ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. पाच-सात मिनिटांचा धडा, थोडे ऐकणे, थोडे बोलणे, थोड्या जोड्या लावणे. त्याच्या जोडीला मी डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे विनामूल्य कार्यक्रम ऐकू लागले. तेथे रोजच्या बातम्या मुद्दाम सावकाश वाचून दाखवतात. आरंभी त्या सावकाश बातम्याही मला धावत्या गाडीसारख्याच वाटत. आता वरणगाव मागे पडेपर्यंत एक बातमी ऐकते, आचेगाव येईपर्यंत तीच पुन्हा ऐकते आणि बोदवड दिसू लागेपर्यंत तिसऱ्यांदा. तिसऱ्या खेपेला निदान बातमी कशाविषयी आहे एवढे तरी समजते. मध्ये नेटवर्क तुटते, म्हणून आदल्या रात्री सर्व काही घरीच उतरवून ठेवावे, हा अनुभवाने शिकलेला पहिला धडा.

दुसरा धडा सुखद होता. जर्मन ही परकी भाषा असली तरी तिच्या काही सवयी आपल्या ओळखीच्या निघाल्या. इंग्रजी शिकलेल्यांना तिची तीन लिंगे छळतात. मराठी माणसाला पुल्लिंग, स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग यांचे नवल नाही. ‘किंड’ म्हणजे मूल, आणि ते तिकडेही नपुंसकलिंगीच, जसे आपले ‘ते लेकरू’. एकवीस हा आकडा आपण एक आधी आणि वीस नंतर असा उच्चारतो. जर्मन माणूसही ‘एक आणि वीस’ असेच म्हणतो. जोडवाक्यातील गौण वाक्यात क्रियापद शेवटी ठेवण्याची त्यांची रीतही आपल्याला परकी वाटत नाही. मात्र सूर्य तेथे स्त्रीलिंगी आहे, हे मला अजून पचलेले नाही.

पुन्हा पुन्हा आठवण करून देण्याची ही पद्धत कोठून आली, याचा शोध घेतला. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्मरणशक्तीवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून त्याने दाखवले की, शिकलेले आरंभी फार वेगाने विसरते आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. १९६७ मध्ये पॉल पिम्सलर याने त्यावर भाषाशिक्षणाचे वेळापत्रकच मांडले : नवा शब्द ५ सेकंदांनी आठवावा, मग २५ सेकंदांनी, मग २ मिनिटांनी, १० मिनिटांनी, तासाने, पाच तासांनी, दिवसाने. विसरण्याच्या बेतात असतानाच आठवले की शब्द घट्ट बसतो. आजची ॲप्स हेच गणित आपल्यासाठी करतात.

हे वाचताना मला बोदवडच्या स्थानकातील लहानपणीच्या दुपारी आठवल्या. स्वाध्यायाचे पाच प्रकार आम्हांला तेथे शिकवले गेले होते : वाचना, पृच्छना, परिवर्तना, अनुप्रेक्षा आणि धर्मकथा. गुरूंकडून पाठ घेणे, शंका विचारणे, पुन्हा पुन्हा उजळणी करणे, मनात चिंतन करणे आणि शेवटी दुसऱ्याला सांगणे. श्वेतांबर परंपरेनुसार वीरनिर्वाणानंतर ९८० वर्षांनी देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली वलभी येथे आगम ग्रंथारूढ झाले. तोपर्यंतचा आधार प्रामुख्याने कान आणि कंठ यांचाच. ज्ञानाला ‘श्रुत’ म्हणजे ‘ऐकलेले’ हे नाव उगीच मिळाले नाही. त्या कसोटीवर माझा फोन लावून पाहिला. वाचना तो देतो. परिवर्तना तर तो न कंटाळता करून घेतो. अनुप्रेक्षा माझी मला करायची आहे. पण पृच्छना आणि कथन या दोहोंसाठी समोर जिवंत माणूस लागतो.

ते माणूस मला डब्यातच भेटले. आचेगावच्या पुढे उतरणारी, परिचर्येचे शिक्षण घेणारी एक तरुणी माझे पुटपुटणे ओळखून जवळ येऊन बसली. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याविषयी करार केला. स्टुटगार्ट ही त्याच राज्याची राजधानी. तेव्हापासून आपल्याकडील अनेक मुलामुलींनी जर्मनची पुस्तके हाती घेतली आहेत. ती रुग्णाशी बोलण्यासाठी शिकते, मी नातीशी. आम्ही एकमेकींना विचारतो, चुकतो आणि हसतो. ॲपने महिनाभरात जे माझ्याकडून वदवून घेतले नाही, ते त्या मुलीच्या एका “पुन्हा म्हणा ना, काकू” या वाक्याने वदवले.

आपल्या पूर्वजांनी तरी दुसरे काय केले? मुंबईहून निघालेला लोहमार्ग भुसावळवरून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. एकोणिसाव्या शतकात मारवाडातील कितीतरी कुटुंबे खानदेशात येऊन कापूस, धान्य आणि सावकारीच्या व्यवहारात स्थिरावली. घरी मारवाडी, वहीत महाजनी अक्षरे, आणि दुकानाच्या ओट्यावर शेतकऱ्याची लेवा बोली. आमचे आजोबा ‘केळी’ला ‘केयी’ आणि ‘जळगाव’ला ‘जयगाव’ असे इतक्या सहज म्हणत की, गिऱ्हाईक त्यांना परके मानीत नसे. ती बोली त्यांना कोणी शिकवली नव्हती. उधारी द्यायची आणि वसूल करायची, दुष्काळात धीर द्यायचा, तर समोरच्याची भाषा आलीच पाहिजे.

हा गुण फार जुना आहे. मारवाडातील जाबालिपूर, म्हणजे आजचे जालोर, येथे उद्योतनसूरींनी इ. स. ७७९ मध्ये ‘कुवलयमाला’ हा प्राकृत ग्रंथ पूर्ण केला. त्यात एका बाजारपेठेचे वर्णन आहे. देशोदेशींचे व्यापारी तेथे जमले आहेत आणि आचार्यांनी प्रत्येकाच्या बोलीचा नमुना टिपून ठेवला आहे. मराठी बोलणारेही त्यांत आहेत. बाजारात उभे राहून इतक्या बोली कान देऊन ऐकणारा तो साधू मला आजच्या सर्व पॉडकास्टकारांचा पूर्वज वाटतो. पुढे अकराशे वर्षांनी, १८७३-७४ च्या सुमारास, हेर्मान याकोबी हा तरुण जर्मन पंडित गेओर्ग ब्यूलर यांच्याबरोबर जैन हस्तलिखिते पाहण्यासाठी राजस्थानात जेसलमेरपर्यंत आला. १८७९ मध्ये त्याने कल्पसूत्राची संपादित आवृत्ती प्रसिद्ध केली आणि १८८४ मध्ये आचारांग व कल्पसूत्र यांचा इंग्रजी अनुवाद. एक जर्मन माणूस आपली प्राकृत शिकण्यासाठी वाळवंटापर्यंत गेला होता. मला तर फक्त आचेगाव ओलांडायचे होते.

बोदवडला उतरून घरी पोहोचले की मी बाईजवळ बसते. गेल्या हिवाळ्यातील एका शनिवारी दुपारी स्टुटगार्टहून कॉल आला. तेथे सकाळ होती. अंगणातून मांजर गेलेले नातीने पाहिले असावे. ती म्हणाली, “वो इस्ट डी काट्सं?” प्रश्न माझ्या कानांवर आला तो थेट अर्थासह : मांजर कोठे आहे? मी काही बोलण्याआधीच बाईने माझा पदर ओढून विचारले, “टाबर कांई केवे है?” मी म्हणाले, “मिनकी कठै है, पूछै है.” बाई खुदकन हसली आणि दाराकडे तोंड करून मांजराला हाक मारू लागली. पलीकडून नात ओरडली, “मिंकी! मिंकी!” त्या एका मिनिटात जर्मन वाक्य माझ्या तोंडून सरळ मारवाडीत उतरले. मध्ये ना मराठी आली, ना इंग्रजी. उत्साहाच्या भरात मी ॲपमध्ये शिकलेले एक जर्मन वाक्य नातीला ऐकवले. तिने माझे लिंग चुकल्याचे तत्काळ सांगितले आणि ते मला तीनदा म्हणायला लावले. ती निघून गेली नाही.

त्या रात्री परतीच्या गाडीत वेगळाच विचार आला. जर्मनचे शेकडो धडे माझ्या फोनमध्ये आहेत. बाईच्या मारवाडीचा, आमच्या बोदवडच्या मारवाडीचा, जिच्यात लेवा बोलीचे शब्द साखरेसारखे विरघळले आहेत, तिचा एकही धडा मला कोठे सापडला नाही. आणि ती बोलणारी बाई आता वाक्य अर्धवट सोडते. नातीची भाषा मला पाच वर्षांनीही शिकता येईल. बाईची आताच शिकली पाहिजे.

म्हणून आता दर शनिवारी मी फोन बाईसमोर ठेवते आणि तिला एखादी वस्तू विचारते. परींडो कोठे असे, त्यावरचे पाणी कसे गाळीत, टंचाईच्या दिवसांत एक घागर किती जणांत पुरवीत. दोन-तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण, त्याहून अधिक नाही, ती थकते. ते मी मुलीला पाठवते. नात झोपताना उरओमाचा, म्हणजे पणजीचा, आवाज ऐकते. वाचक भगिनींनो, आपल्याही घरी असा आवाज असेल तर त्यासाठी निराळे ॲप लागत नाही. प्रत्येक फोनमध्ये ध्वनिमुद्रणाची सोय असतेच.

माझ्या जर्मन शिकण्याची अखंड मालिका पर्युषणात तुटली. आठ दिवस फोन बाजूला होता आणि घुबडाने पाठवलेल्या आठवणी तशाच राहिल्या. नवव्या दिवशी उघडून पाहिले, तर विसरले होते ते थोडेच. मालिका तुटल्याने भाषा तुटत नाही, हेही तेव्हा कळले.

मागच्या महिन्यात परतताना मी जर्मन बातम्यांऐवजी बाईचे ध्वनिमुद्रण ऐकत होते. त्यात एक शब्द आला, ‘झेरणो’. तो मी लहानपणी ऐकला होता, पण अर्थ काही केल्या आठवेना. पुन्हा लावला, पुन्हा ऐकला, भुसावळ आले तरी आठवला नाही. पुढच्या शनिवारी बाईला विचारले. ती बोलली नाही. तिने दोन्ही हात पुढे केले, अदृश्य दोरी धरली आणि एक हात मागे, एक हात पुढे असे संथपणे ओढू लागली. ताक घुसळण्याची रवी! फोन चालूच होता. घरी येऊन ऐकले, तर त्या जागी केवळ शांतता होती आणि मग माझे हसणे.