बिघाड कुठं होता?

बालमित्रांनो, घरात एखादी वस्तू बंद पडली की सगळ्यांत आधी कोणता प्रश्न कानावर येतो? 'कुणी बिघडवलं?' हाच ना! 'काय बिघडलं?' हे आपण मागाहून विचारतो. बाई असून माझ्याकडूनही तेच झालं. त्याचीच ही हकिगत.

आमच्या शाळेत एक लॅपटॉप आहे. गावकऱ्यांनी वर्गणी काढून २०१३ साली घेतलेला. त्याच्या दोन-तीन कळांवरची अक्षरं पुसली गेली आहेत आणि झाकणाचा एक कोपरा चिकटपट्टीनं धरून ठेवलाय. पण कविता ऐकायच्या, ज्वालामुखी बघायचा, तर आम्हाला तोच! रोज सकाळी तो सुरू करायचं काम चौथीतल्या एका मुलाकडे होतं. मोठ्या हौसेनं करायचा.

एका शुक्रवारी त्यानं बटण दाबलं. दिवा लागला, आतला पंखा घरघरला, पण पडदा काळा तो काळाच. मी आले आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "काय केलंस तू? तरी सांगत होते, जपून हात लाव म्हणून!"

तो काही बोलला नाही. मागच्या ओळीत जाऊन बसला.

दुकानात विचारलं, तर "एवढ्या जुन्यावर खर्च करण्यापेक्षा नवा घ्या" असं उत्तर मिळालं. नव्याला पैसे कुठून आणायचे? शेवटी शनिवारी शाळा सुटल्यावर माझ्या धाकट्या भावाला फोन लावला. त्याला या कामाची माहिती आहे. तो म्हणाला, "ताई, घाबरू नकोस. फक्त एका वेळी एकच गोष्ट बदल. दोन बदलल्यास, तर कशानं सुधारलं ते कळणार नाही."

झालं, आमचा तपास सुरू! आधी वीज. चार्जरवरचा दिवा लागत होता, म्हणजे वीज येत होती. मग चार्जर काढला, बॅटरी काढली आणि सुरू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. आत उरलेली थोडीफार वीज अशानं निघून जाते. कधीकधी एवढ्यानंही काम भागतं. आमचं नाही भागलं.

मग पडदा. टॉर्च त्यावर तिरका धरला. पडद्यामागचा उजेड गेला असता, तर टॉर्चच्या प्रकाशात पुसट चित्र दिसलं असतं. काहीच दिसेना. शाळेच्या टीव्हीला केबल जोडून पाहिली, तिथंही अंधार. म्हणजे बिघाड बहुतेक पडद्यात नव्हता.

आता उरलं पोट! बॅटरी काढलेली होतीच. लोखंडी कपाटाला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवली आणि मागचं झाकण उघडलं. अगंबाई! पंख्याजवळ धुळीची चक्क गादी तयार झाली होती. ती मऊ ब्रशनं काढली. शेजारी रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. रॅम म्हणजे काय ठाऊक आहे? लॅपटॉपचा फळाच म्हणा ना. चालू असलेलं काम त्यावर मांडायचं, वीज गेली की फळा कोरा. पुस्तकं ठेवायचं कपाट वेगळं, त्याला हार्ड डिस्क म्हणतात. कपाट कितीही भरलेलं असो, फळाच नसेल तर वर्ग सुरू कसा होणार?

दोन्ही पट्ट्या काढल्या. त्यांच्या सोनेरी कडा खोडरबरानं हलकेच पुसल्या, चुरा झटकला. मग एकच पट्टी बसवून बटण दाबलं. पडदा उजळला! ती काढून त्याच खाचेत दुसरी बसवली. पुन्हा अंधार. म्हणजे खाच चांगली, दुसरी पट्टीच निकामी झालेली. जुनी झाली होती बिचारी. कुणीही काहीही केलेलं नव्हतं.

लॅपटॉप सुरू झाला, पण मला काही आनंद होईना. मागच्या ओळीतला तो चेहरा डोळ्यांसमोर येत होता.

सोमवारी वर्गात मी म्हणाले, "शुक्रवारी मी याच्यावर ओरडले. चूक याची नव्हती, माझी होती. न तपासता बोलले." ओरडले होते सगळ्यांसमोर, मग हेही सगळ्यांसमोरच बोलायला हवं होतं.

मधल्या सुट्टीत तो वही घेऊन आला. म्हणाला, "बाई, त्याच्या आधी दोनदा निळा पडदा आला होता. रडका चेहरा होता त्यावर. मी बंद करून परत चालू केला. तुम्ही रागवाल म्हणून बोललो नाही. पण खालची अक्षरं लिहून ठेवली होती."

वहीच्या शेवटच्या पानावर वाकड्यातिकड्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं : मेमरी मॅनेजमेंट. मेमरी म्हणजेच ती रॅम! मी अख्खी दुपार जे शोधत बसले होते, त्याची खूण या मुलाच्या दप्तरात होती. मी ओरडले, आणि ती दप्तरातच राहिली.

तेव्हा मुलांनो, काही बिघडलं तर लपवू नका. काय दिसलं, काय ऐकू आलं, ते लिहून ठेवा आणि सांगा. झाकण मात्र मोठ्यांशिवाय उघडायचं नाही. चार्जर तर कधीच फोडायचा नाही, आणि बॅटरी फुगलेली दिसली तर तिला हात न लावता मोठ्यांना बोलवायचं. आणि आईबाबांनो, पोरांनी सांगावं असं वाटत असेल, तर आधी ऐकून घ्या. हे मी स्वतःलाही बजावतेय.

आमचा लॅपटॉप आता एकाच पट्टीवर चालतो. जरा हळू, पण चालतो. सकाळी तो सुरू करायचं काम पुन्हा त्याच मुलाकडे आहे. परवा वर्गातला पंखा अचानक थांबला. मी तोंड उघडणार, एवढ्यात तो उठलाच, "बाई, थांबा! आधी शेजारच्या वर्गातला फिरतोय का बघून येतो!"